बोट चापावर नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी रायफल आहे. घाबरू नका. माझा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, काढून टाकला आहे आणि नळीचे तोंड वेल्डिंग करून कायमचे बुजवले आहे. आता माझ्यातून गोळी काय, धूरही निघायचा नाही. मिशिगनच्या अगदी उत्तरेकडच्या जंगलात, शिकाऱ्यांच्या ओंडक्यांच्या एका कॅम्पात, दोन खिळ्यांवर मी आडवी टांगलेली असते. माझ्या डोक्यावर लोकरी कापडाचे चार तुकडे ठोकलेले आहेत. ते माझ्यामुळे कापले गेले. ते कसे, हे सांगताना मला आजही लाज वाटते. पण लाज वाटते म्हणून गप्प बसण्याने काय होते, तेच तर मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. दस्त्याला अक्रोडाचे लाकूड, त्यावर पानांची नक्षी आणि निळसर काळी चकाकती नळी. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी मला फडक्याने पुसले, उलटसुलट करून पाहिले आणि पास केले. माझे चित्र शिकारीच्या मासिकात आले होते. मी स्वतःला सर्वगुणसंपन्न समजत होते, यात नवल ते काय?

एका लहानशा गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मी विक्रीला आले. समोरच्या मांडणीत आम्ही नव्या बंदुका उभ्या असू आणि मागच्या अंधाऱ्या फळीवर लोकांनी परत आणून दिलेल्या. दुकानदार त्या फळीला पश्चात्तापाचा कोपरा म्हणे. तिथे एक अजस्र रायफल होती. अस्वल मारायचे म्हणून कुणी हौसेने घेतली आणि पहिल्याच बाराने खांदा काळानिळा करून घेऊन परत आला. दर तिसऱ्या काडतुसाला अडकणारे एक पिस्तूलही होते. गंमत अशी, की परत आणून देणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोले, “बंदूक उत्तम आहे हो, पण वापरणंच होत नाही.” आम्ही नव्या बंदुका त्या फळीकडे पाहून खुदुखुदु हसायचो. आपली जागा तिथे कधी असेल, असे कुणाला वाटते?

मला विकत घेतले ते आर्विड कांगास याने. तो हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी चालवी. उंच, अबोल, पण नव्या वस्तूचा सोस दांडगा. मासिकातले माझे चित्र त्याने वर्षभर गाडीच्या काचेला लावले होते. मला नेण्यासाठी त्याने आपल्या वडिलांची जुनी बंदूक बदल्यात दिली. ती खरचटलेली आणि रंग उडालेली होती, पण म्हाताऱ्याने खाणीतल्या पहिल्या पगारातून घेतली होती आणि तिने त्या घराला तीस वर्षे हरणाचे मांस खाऊ घातले होते. दुकानदाराने ती फळीवर ठेवली, तेव्हा आर्विडने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

घरी गेल्यावर त्याची बायको थेल्मा मला पाहून म्हणाली, “वा! दुभती गाय देऊन शोभेचा मोर आणलास घरात.”

“तुला नाही कळायचं त्यातलं,” आर्विड म्हणाला.

त्यांची चार वर्षांची मुलगी आयली टेबलाखालून आली आणि माझ्या दस्त्यावरच्या पानांवरून तिने हळूच बोट फिरवले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस होता.

मग पंधरा नोव्हेंबर उजाडला. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी आमच्याकडे शाळा बंद असते आणि लग्न, बारसे, कुणी काही ठेवत नाही. आर्विड पहाटे बर्फातून चालत जाऊन झाडावरच्या बैठकीवर बसला. थंडी अशी, की श्वास मिशीवर गोठत होता. उजेड झाला आणि साठ पावलांवर एक देखणा नर येऊन उभा राहिला. आर्विडने मला खांद्याला लावले. त्याचे बोट दस्त्याच्या कडेने सरळ ठेवलेले होते, वडिलांनी शिकवल्याप्रमाणे. त्याने अंगठ्याने सुरक्षेचा खटका पुढे ढकलला.

आणि मी उडाले. धाड!

मित्रांनो, त्याचे बोट चापावर नव्हते. मी शपथेवर सांगते. गोळी भलतीकडेच एका देवदारात जाऊन रुतली, हरिण शेपटी उंचावून पसार झाले आणि आर्विड आपल्या बोटाकडे पाहत राहिला. ते अजून दस्त्यावरच होते. मी तर हबकूनच गेले. आपल्या तोंडून आपल्याला न विचारता शब्द बाहेर पडला, तर तुम्हाला कसे वाटेल?

पुढे कळले ते असे. माझ्या चापाच्या पोटात नखाएवढा एक पोलादी तुकडा आहे. चाप सुटला की त्याने परत जागेवर यायला हवे. थंडीत कधी कधी तो येत नाही, केसभर बाहेरच राहतो. मग सुरक्षेचा खटका पुढे गेला, की मला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. अंगावर एवढी नक्षी, आणि पोटात हे!

आता त्या कॅम्पाची एक रीत सांगते. ज्याचा नेम चुकतो, त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापायची, तिच्यावर नाव आणि कारण लिहायचे आणि ती भिंतीवर ठोकायची. कात्री असे सेसिल पेनहेलच्या हातात. सेसिल म्हणजे थेल्माचा भाऊ, आर्विडचा मेहुणा आणि गावचा न्हावी. बुटका, गोरापान, आणि तोंड कात्रीपेक्षा जास्त चालणारा. उस्तऱ्यावर त्याचा हात असा होता, की खाणकामगार त्याच्या खुर्चीत झोपी जात आणि दाढी झाल्यावर त्याला हलवून जागे करावे लागे.

“काय दाजी!” सेसिल कात्री वाजवत म्हणाला, “साठ पावलं! एवढ्यावरून तर आमची आजी चष्मा न लावता मांसाची करंजी फेकून हरिण पाडेल.”

“नाही रे, ती बंदूक…” आर्विडने तोंड उघडले.

“ए, बंदुकीला नावं ठेवायची नाहीत!” चुलीजवळून उर्हो सारी ओरडला. तो शाळेची बस चालवायचा. “नाचता येईना आणि अंगण वाकडं! वडिलांची बंदूक देऊन आणलीस ना ती? मग आता घे निस्तरून.”

सगळे हसले. आर्विडचा चेहरा लालबुंद झाला. “थंडी होती,” तो पुटपुटला, “बोट जरा आधीच लागलं.”

सेसिलने शेपटी कापली आणि तिच्यावर लिहिले, ‘आर्विड. बोट आधीच लागलं.’ माझ्या डोक्यावरची ती पहिली शेपटी.

जानेवारीत आर्विड एकटाच मला घेऊन खडीच्या खाणीत गेला. भर थंडीत त्याने दहा वेळा बोल्ट चालवला, दहा वेळा खटका पुढे ढकलला. तीन वेळा मी आपोआप उडाले. तो बराच वेळ गाडीत बसून राहिला. मला बरे वाटले. म्हटले, चला, आता हा मला कारागिराकडे नेईल आणि माझ्या पोटातले दुखणे जाईल. पण कारागीर म्हणजे तोच दुकानदार. त्याच्या शेगडीभोवती सारा गाव कॉफी पीत बसे. आर्विडने वडिलांची बंदूक देऊन फुटके नशीब विकत आणले, हे संध्याकाळपर्यंत घरोघर झाले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्याने मला तेल लावले, फडक्यात गुंडाळले आणि कपाटात ठेवले. माझा त्याच्यावरचा विश्वास तिथे पहिल्यांदा हलला.

तिसऱ्या वर्षी सेसिल घरी आला. “दाजी, ती सुंदरी कपाटात बसून काय अंडी घालतेय? द्या मला. योग्य तो भाव देतो.”

मी कपाटातून कान देऊन ऐकत होते. सांग, मी मनात म्हणत होते, आता तरी सांग.

“ने,” तो म्हणाला. “उत्तम बंदूक आहे. माझ्याकडून वापरणंच होत नाही.”

पश्चात्तापाच्या कोपऱ्यातले तेच वाक्य! दारापर्यंत गेल्यावर आर्विड एवढेच म्हणाला, “थंडीत तेल जपून लाव.” एवढीच त्याची सूचना. सेसिल शीळ घालत निघून गेला.

त्या नोव्हेंबरात सेसिल जुन्या रेल्वेच्या बांधावर उभा होता. समोर हरिण, अंगठा खटक्यावर आणि बोट दूर. धाड! गोळी तळ्यावरच्या बर्फात घुसली. सेसिल जागचा हलला नाही. त्याने हातमोजा काढला आणि आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून पाहिला. संध्याकाळी उर्होने वेडीवाकडी कात्री चालवून त्याची शेपटी कापली. ‘सेसिल. हातमोजे जाड.’ सेसिलही सगळ्यांबरोबर हसला. पण कापडावर लिहिलेले कारण त्याने स्वतः मानले नव्हते. त्याला वाटले, आपला हातच आता आपला राहिला नाही.

दुसऱ्याच सोमवारी त्याने आपल्या दुकानात उस्तरा मिटून पेटीच्या तळाशी ठेवला. “आजपासून फक्त केस,” तो गिऱ्हाइकांना म्हणाला. “दाढी घरी करा.” लोकांनी विचारले, हे काय नवीन? तो म्हणाला, “ज्याचं बोट त्याला न विचारता हलतं, त्याच्या हाती लोकांचे गळे द्यायचे नसतात.” हे तो हसत हसत म्हणाला. मी दुकानाच्या मागच्या खोलीत होते. रात्री दुकान बंद करताना तो रिकामी मूठ उघडून मिटून पाहत बसे, तेही मी पाहिले आहे.

आर्विड त्याच्याकडेच केस कापायला येई. त्याच खुर्चीत बसे. उस्तरा का गेला, हे त्याला ठाऊक होते. जगात फक्त दोघांना खरे ठाऊक होते, आर्विडला आणि मला. मला जीभ नव्हती. त्याला होती.

सेसिलने मला उर्होला दिले. “बंदूक उत्तम आहे, हातच गेला माझा,” असे तो म्हणाला, आणि ते त्याच्या मते खरेच होते. उर्होकडूनही मी तशीच उडाले. त्याने कारण दिले शिंकेचे. त्याला शिंक बिंक आली नव्हती. ती त्याने नंतर शोधून काढली, आणि दोनतीन वर्षांत ती त्यालाही खरीच वाटू लागली. ‘उर्हो. शिंक.’ तिसरी शेपटी. मग त्याने मला माळ्यावर टाकले. तिथे मी सतरा वर्षे पडून होते. उंदरांनी माझा पट्टा खाल्ला. कुणी हात लावत नव्हते याचे दुःख होते, आणि कुणी हात लावत नव्हते याचेच समाधानही होते.

एका सप्टेंबरात माळ्यावर उजेड आला. सव्वीस वर्षांच्या एका मुलीने मला खाली उतरवले, धूळ झटकली आणि दस्त्यावरच्या पानांवरून बोट फिरवले. ते बोट मी लगेच ओळखले. आयली! ती आता लाकडाच्या गिरणीत यंत्रे दुरुस्त करत होती.

“उर्होकाका, ही बाबांची ना?” ती म्हणाली. “लहानपणी हिच्यावरची पानं मोजायचे मी. मला द्या. यंदा मी कॅम्पला येणार आहे. बाबांना बघू दे तरी!”

“ने की,” उर्हो म्हणाला. “बंदूक उत्तम आहे. मला शिंक आली नसती तर…”

आनंदाने माझे काळीज भरून यायला हवे होते. पण माझी पाचावर धारण बसली होती.

चौदा नोव्हेंबरच्या दुपारी आयलीने कॅम्पातल्या टेबलावर पिशवीतून मला बाहेर काढले. “बाबा, ओळखलीत का? गोळी नीट जाते का तेही पाहून आलेय. तीसच्या तीस बरोबर लागल्या.” ते सप्टेंबरातले ऊन होते, मित्रांनो. उन्हात मी शहाण्यासारखी वागते.

आर्विडच्या हातातला कॉफीचा पेला टेबलावर आपटला. साठीला आलेला तो माणूस पांढराफटक पडला.

“ही नको वापरू,” तो म्हणाला. “माझी घे.”

“का?”

आर्विडने सेसिलकडे पाहिले. सेसिल चुलीशी पेस्ट्या गरम करत होता, ताटाएवढ्या मांसाच्या करंज्या, थेल्माने पाठवलेल्या. आर्विडने उर्होकडे पाहिले. “जुनी झालीय ती,” तो म्हणाला.

“तुम्हीपण झालात. तुम्हाला टाकलं का आम्ही?”

सेसिल खदखदून हसला. “घ्या दाजी! पोरगी कुणाची भाची आहे ते दिसलं!”

“मी बाई आहे म्हणून नको म्हणताय का, बाबा?” आयलीने हळू आवाजात विचारले. तो नाही म्हणाला, पण खरे कारण काही त्याच्या तोंडून निघेना. ते सांगायचे, तर त्या खोलीतल्या दोघांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगावे लागले असते. मी टेबलावर पडून होते आणि माझे तोंड भिंतीकडे होते. देवा, मी म्हणत होते, आपल्या पोटच्या पोरीसाठीही याची जीभ उचलत नाही?

पहाटे तो माझा बोल्ट लपवायला उठला. पण आयली त्याच्याही आधी मला घेऊन बाहेर पडली होती. दिवसभर तो पलीकडच्या बैठकीवर बसून आमच्या दिशेने कान लावून राहिला. त्या दिवशी आयलीसमोर एकही हरिण आले नाही. ती उजेड असतानाच परत फिरली. कॅम्पाच्या पायरीशी आर्विड उभा होता.

“आयली, थांब,” तो म्हणाला. “ती खाली ठेव. मला सांगायचंय काहीतरी.”

“आधी रिकामी करू द्या, बाबा. भरलेली बंदूक घरात नाही, नियम तुमचाच.”

नियम बरोबर होता. पण माझी रचना अशी, की सुरक्षेचा खटका मागे असताना बोल्ट उघडतच नाही. मला रिकामे करायचे, तर आधी खटका पुढे ढकलावा लागतो. आयलीने नळी लाकडांच्या ढिगाकडे वळवली. त्या कॅम्पात सगळे तिकडेच वळवत. ढीग सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीला लागून होता. पण त्या दुपारी सौनाची भट्टी पेटवायला सेसिलने ढिगाची एक बाजू उचलून नेली होती, आणि तो आत वाफेत बसून गाणे म्हणत होता.

“नको!” आर्विड किंचाळला.

धाड!

सौनाच्या फळ्यांमध्ये भोक पडले. आतले गाणे थांबले.

झाडावरचा बर्फ घसरून पडला, तोही ऐकू आला. आयलीच्या हातांत मी दगडासारखी जड झाले होते. आर्विड बर्फातून धावत सुटला, पडला, पुन्हा उठला. तेवढ्यात सौनाचे दार उघडले. कमरेला टॉवेल गुंडाळलेला सेसिल बाहेर आला. अंगातून वाफा निघत होत्या आणि हातात पाण्याची लाकडी बादली होती. बादलीला दोन भोके होती, एक आत जाणारे आणि एक बाहेर येणारे. दोन्हींतून पाणी वाहत होते.

“ही माझ्या मांडीवर होती,” सेसिल म्हणाला. एवढेच.

उर्हो दारात आला. घाबरला की माणूस सवयीचेच बोलतो. “कात्री… कात्री कुठंय?” तो म्हणाला. कुणी हसले नाही.

“कापू नका,” आयली म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज स्थिर होता. “माझं बोट चापावर नव्हतं.”

“पोरी, सगळ्यांचं असंच होतं. थंडीत हाताला…”

“काका, मी गिरणीत करवतीपाशी काम करते. माझं बोट कुठे आहे हे मला ठाऊक नसतं, तर आज मला बोटंच नसती. ते चापावर नव्हतं.”

तिने माझ्या पोटातली सगळी काडतुसे काढली. आत बोट घालून खात्री केली. मग नळी जमिनीकडे करून तिने बोल्ट चालवला आणि बोट सगळ्यांना दिसेल असे उंच धरून खटका पुढे ढकलला. काही झाले नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा माझ्या आत ‘टक्’ असे वाजले.

“पुन्हा कर,” सेसिल म्हणाला.

तिने पुन्हा केले. दोनतीनदा काही नाही, आणि मग पुन्हा तेच. टक्.

सेसिलने बादली खाली ठेवली. बर्फात अनवाणी उभा राहून तो आपल्या उजव्या हाताकडे पाहू लागला, एकोणीस वर्षांपूर्वी बांधावर पाहिला होता तसाच. “म्हणजे त्या दिवशी मी…” तो म्हणाला. “माझा हात… हलला नव्हता?”

“मला शिंक आली नव्हती,” उर्हो एकदम म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

“मला ठाऊक होतं,” आर्विड म्हणाला.

तिघांनी त्याच्याकडे पाहिले. आयलीचे ते पाहणे मला बघवेना.

“पहिल्याच वर्षी खाणीत नेऊन तपासली होती. दहातून तीनदा. सेसिल, तुला देताना मला ठाऊक होतं.”

“आणि मी उस्तरा ठेवला तेव्हा?”

“तेव्हाही,” तो म्हणाला.

“दर महिन्याला माझ्या खुर्चीत बसत होतात, दाजी. आरशात माझ्याकडे बघत होतात.”

“हो.”

मला वाटले, आता सेसिल त्याच्या अंगावर धावून जाणार. पण त्याचे दात वाजू लागले होते. “मला आधी पँट घालू द्या,” तो म्हणाला आणि आत गेला. त्या संध्याकाळी कॅम्पात चार माणसे जेवली. आयली बापाच्या शेजारी बसली नाही.

सकाळी आर्विड सर्वांत आधी उठला. त्याने अंगातला नवा लोकरी शर्ट काढला, सेसिलच्या पेटीतून कात्री घेतली आणि स्वतःच्याच हाताने शेपटी कापली. तिच्यावर लिहिले, ‘आर्विड. माहीत होतं. सांगितलं नाही.’ आणि सगळ्यांच्या देखत ती भिंतीवर ठोकली. ठोकताना हातोडी दोनदा बोटावर बसली. कुणी मदतीला गेले नाही.

सेसिलने ती शेपटी वाचली. “वाकडी कापलीत,” तो म्हणाला. मग त्याने आपली पेटी ओढली आणि तळातून फडक्याची एक पुरचुंडी काढली. इतकी वर्षे वापरला नव्हता, तरी उस्तरा प्रत्येक कॅम्पात त्याच्याबरोबर येत होता. त्याने तो कमरेच्या पट्ट्यावर घासला, उजेडात धरून धार पाहिली आणि खिडकीपाशी स्टूल सरकवले.

“बसा, दाजी.”

आर्विड बसला. सेसिलने त्याच्या गालांना आणि गळ्याला साबण फासला, हनुवटी धरून मान मागे केली आणि उस्तरा उघडला. आयली उठून उभी राहिली. उर्होने चुलीतले लाकूड हातातच धरून ठेवले. मी टेबलावर पडून पाहत होते, आणि बंदूक असून मला भीती वाटत होती.

उस्तरा कानापासून खाली आला, जबड्यावरून वळला, गळ्याच्या घाटीवरून सरकत गेला. एकदा नाही, दहादा. सेसिलचा हात निवांत होता, लोक ज्याच्या खुर्चीत झोपी जात तोच हात. थरथरत होता तो आर्विडचा गळा, आणि साबणावरून पाण्याचे ओघळ खाली येत होते.

“हलू नका,” सेसिल म्हणाला. “मी हलत नाहीये.”

शेवटी त्याने गरम पाण्याचे फडके त्याच्या तोंडावर दाबले आणि जरा वेळ दाबूनच ठेवले. मग तो बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि मोठ्याने रडला. आयली त्याच्याजवळ जाऊन बसली. आर्विड स्टुलावरच राहिला. त्याला अजून पुष्कळ वाट पाहायची होती, आणि त्याने ती मुकाट्याने पाहिली.

माझा बोल्ट आयलीने काढला आणि गिरणीत नेऊन गॅसच्या ज्योतीने वितळवला. माझे तोंड तिनेच बुजवले. मला टाकून द्या, असे उर्हो म्हणत होता. ती म्हणाली, “नको. शेपट्यांखाली टांगू. नुसत्या शेपट्या पाहून कुणाला काय कळणार?”

मित्रांनो, तुमच्या घरीही कधीतरी हौसेने घेतलेली एखादी वस्तू फसवी निघेल. सायकल असेल, पंखा असेल, शेगडी असेल. लोक हसतील. हसू द्या. ती दुरुस्त करा, नाही तर मोडीत काढा. पण दुसऱ्याच्या हाती देताना तिचा दोष आधी सांगा, आणि मगच तिचे गुण. माझ्यासारख्या मुक्या वस्तूंचे एवढे ऐका. आम्हाला दोष असतो, पण तो सांगायला तोंड नसते.

अजूनही दर सोळा नोव्हेंबरला सकाळी खिडकीपाशी स्टूल मांडले जाते. सेसिल आता फार म्हातारा झाला आहे. तो आधी आयलीच्या नवऱ्याची दाढी करतो, मग उर्होची, आणि सर्वांत शेवटी आर्विडची. आर्विडच्या वेळी तो काही बोलत नाही. पण गेल्या वर्षी, मी खिळ्यावरून पाहिले, सेसिलचा हात तसाच स्थिर फिरत होता आणि आर्विडला स्टुलावरच झोप लागली होती.